नकाशांचं वाळवण

एप्रिल लागला की माझ्या नाकात गव्हाच्या चिकाचा वास भरतो. घरात कुरडया होवोत न होवोत. आता तर होतच नाहीत. मी दुकानातून पाकीट आणते, तळते आणि दरवर्षी न चुकता म्हणते, "छे, काही खरं नाही." त्या वासाला चिकटून आणखी एक वास येतो, तो कुणाला समजावून सांगायला जावं तर लोक माझ्याकडे बघत राहतात. उन्हात तापलेल्या जुन्या, जाड कागदाचा वास. थोडा खळीचा, थोडा कापडी बांधणीचा, थोडा कडुनिंबाच्या पाल्याचा. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर दोन वाळवणं पडायची. एक आईचं, एक अण्णांचं. आईच्या कुरडया, पापड, बिबडे. आणि अण्णांचे ॲटलास.

यंदा हा वास जरा जास्तच झोंबला, कारण महिन्याच्या सुरुवातीलाच वाचनालयातून फोन आला. "मॅडम, तुमच्या वडिलांच्या संग्रहाचं स्कॅनिंग करायचंय. पण पानांना शिवण घातलीय. ती उसवावी लागेल. तुमची हरकत नाही ना?" मुलगी बोलायला गोड होती. मी म्हटलं, "हरकत आहे की नाही ते मी तिथं येऊन सांगते. तोवर कात्री लावायची नाही." फोन ठेवला आणि माझं मलाच हसू आलं. आवाज अगदी आईसारखा निघाला होता.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. साहेब लोक नकाशा काढायचे, त्यावर अर्धपारदर्शक कागद टाकून अण्णा तो शाईनं गिरवायचे. कालवे, चाऱ्या, बंधारे. दुसऱ्याच्या शेतात पाणी कुठून जाणार ते गिरवण्यात तुमचा जन्म गेला, असं आई म्हणायची आणि ते काही खोटं नव्हतं. पण नकाशाचं वेड मात्र त्यांचं स्वतःचं. देवळाली कॅम्पातले जुने बंगले रिकामे होत, तिथलं सामान भंगारवाल्यांकडे येई. लोक पलंग घ्यायचे, आरसे घ्यायचे, काचेची भांडी घ्यायचे. अण्णा सायकलच्या कॅरिअरला पाटाएवढा ॲटलास बांधून यायचे आणि घामाघूम चेहऱ्यानं असे हसायचे की आईला आधीच कळायचं, पगारातलं काहीतरी गेलं.

आमचं घर म्हणजे सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्या. पलंगाखाली ॲटलास, माळ्यावर ॲटलास, गव्हाच्या कोठीवर ॲटलास. आई ओट्याशी उभी राहून विचारायची, "जे देश आता उरले पण नाहीत त्यांचे नकाशे कशाला हो घरात?"

"देश गेले तरी जमीन तिथंच आहे ना," अण्णा म्हणायचे.

"जमीन तिथं आहे. इथं माझं कपाट नाही!"

आई बागलाणातली, नामपूरची. एरवी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध बोलायची, पण खरोखर चिडली की तिच्या तोंडून अहिराणी बाहेर पडायची. तेवढ्यावरून आम्ही ओळखायचो की आता गप्प बसायचं.

तरी वाळवणाच्या वेळी दोघांची युती असायची. कसर आणि वाळवी कुणाचीच सगी नाही, हे दोघांनाही मान्य होतं. सकाळी गच्चीवर जुनी लुगडी अंथरायची. इकडच्या बाजूला आईचा सोऱ्या, तिकडच्या बाजूला अण्णांचे ॲटलास उघडून उभे ठेवलेले, मधे कावळे हाकलायला मी. ऊन कडक झालं की अण्णा ॲटलास सावलीत सरकवायचे आणि आई कुरडया उलटायची. लांबवर लेण्यांचा डोंगर उन्हात पांढरट दिसायचा. दुपारी आई वाटीत चीक द्यायची, वर तेल-तिखट. तो चीक खात खात मी आफ्रिकेच्या नद्या पाठ केल्या. पुढं शाळेत भूगोल शिकवायला लागले त्यात डीएडचा वाटा थोडा आणि चिकाचा जास्त.

आता मूळ गोष्टीकडे येते. अण्णांच्या कचेरीत पंचवटीतले एक कारकून होते. भला माणूस, रोज एकत्र डबा खाणारा. एकदा त्यांच्या घरी गावाकडचे पाहुणे आले. त्यांना त्यांनी घाटावर उपाध्यांकडे नेलं आणि उपाध्यांनी वही उघडून त्यांच्या खापरपणजोबांपासूनची नावं धडाधड वाचून दाखवली. ते कौतुक सांगता सांगता त्यांनी अण्णांना सहज विचारलं, "तुमची वही कुणाकडे असते हो?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. अण्णाही रागावले नाहीत. "आमची अजून लिहायचीय," एवढंच म्हणाले. पण संध्याकाळी घरी आले ते चहाही न घेता पलंगाखालचा मोठा ॲटलास ओढून बसले.

आमची वही लिहायची म्हटलं तर लिहिणार कशी? बाप, बापाचा बाप, त्याचा बाप अशी शिडी चढायला जावं तर ती तिसऱ्या पायरीला संपायची. पुढं नाव कुणाला आठवायचं नाही. पण कोण कुठं कुठं गेलं होतं ते विचारा, म्हातारी माणसं रात्रभर सांगतील. पायाला भिंगरी बांधल्यासारखे गेलेले सगळे. कुणी इगतपुरीच्या घाटात रेल्वेच्या रुळांवर, कुणी कराचीच्या गोदीत, कुणी लढाईत बसऱ्याला, कुणी सिन्नरला विड्या वळायला. अण्णांनी ठरवलं की आपली वही नकाशावर लिहायची. आणि नकाशा खराब करायचा नाही. ट्रेसरच तो! ॲटलासच्या पानावर अर्धपारदर्शक कागद टाकायचा, वरच्या कडेला दोन टाचण्या लावायच्या आणि त्या कागदावर ठिपका द्यायचा. कागद उचलला की छापील जग. कागद टाकला की आम्ही.

यासाठी दिवस होता जयंतीचा. त्या दिवशी सगळा गोतावळा आमच्याकडे जमायचा. मिरवणूक, निळे झेंडे, पांढरी लुगडी, गुळाची बुंदी. संध्याकाळी दमूनभागून सगळे गच्चीवर आले की अण्णा ॲटलास उघडायचे. त्यांचे नियम कडक होते. ज्याचा ठिपका त्यानं स्वतःचं बोट ठेवायचं. माणूस हयात नसेल तर ज्यानं त्याला डोळ्यांनी पाहिलंय त्यानं ठेवायचं. ऐकीव चालणार नाही. ठिपक्याशेजारी अण्णा बारीक अक्षरात लिहायचे: नाव, गाव, आणि शेवटी 'बोट स्वतःचं' किंवा 'बोट अक्काचं'.

अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी सायखेड्याची आत्या. पहिल्या वर्षी तिनं ॲटलासवर वाकून आपली वस्ती शोधली. गोदावरी सापडली, वस्ती काही सापडेना.

"आमाला टिंब बी नाय दिलं का रे यांनी? एवढी मोठी गंगा काढली, तिच्या काठाला आमी जन्म काढला, आमीच दिसलो नाय?"

"नाही दिसलात. आपण देऊ टिंब. उगवतीला तोंड कर. नदी कोणत्या हाताला?"

"डाव्या."

"मग ठेव बोट."

आत्यानं इतक्या जपून बोट ठेवलं की जणू खाली काहीतरी झोपलंय. त्यानंतर तिला चटकच लागली. बसऱ्याला गेलेल्या चुलत्याचं नाव निघालं तर हीच पुढं. "बसऱ्याहून आला तवा त्याच्या अंगाला खजुराचा वास यायचा म्हणत्यात..."

"म्हणत्यात नको, अक्का. तू पाहिलंस का?"

"पाह्यलं म्हंजे? मांडीवर बसले व्हते त्याच्या!"

"मग ठेव."

तिनं ठेवलं. हाताला पापडाच्या लाट्यांचं तेल होतं, त्याचा गोल डाग पडला. त्या भागात तेलाची काही कमतरता नव्हती, आत्यानं आणखी थोडं घातलं. अण्णांनी डाग पुसला नाही. डागाच्या मधोमध ठिपका दिला आणि लिहिलं, 'बोट अक्काचं'.

बोट ठेवलं नाही ते फक्त आईनं. दरवर्षी अण्णा म्हणायचे, "अगं, एकदा ये." दरवर्षी ती हात धुवायला निघून जायची. नामपूर मोठं गाव, कांद्याच्या बाजाराचं. जिल्ह्याच्या पानावर ते ठसठशीत छापलेलंच होतं. "माझं गाव आधीच छापलंय त्यांनी," आई म्हणायची, "माझा ठिपका कशाला?" एकदा अण्णांनी फारच लावून धरलं तर कडाडली, "मन्हं गाव मन्हा ध्यानमा शे!" माझं गाव माझ्या ध्यानात आहे. विषय संपला. मला वाटायचं, हा कपाटाचा सूड.

मधल्या काळात किती उन्हाळे गेले, किती कागद भरले, ते मला सांगता येणार नाही. आठवतं ते एवढंच की एके वर्षी अण्णा ॲटलास डोळ्यांच्या फार जवळ धरू लागले. मग एके वर्षी चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवला. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती दिवस ते सांगता येत नाही. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं, अण्णा निवृत्त झाले होते आणि क्वार्टर सोडून आम्ही भाड्याच्या आणखी छोट्या घरात आलो होतो.

अण्णा रडले नाहीत. दवाखान्यातून येताना रिक्षात म्हणाले, "हे सगळं वाचनालयात देऊन टाकू. पुण्या-मुंबईचे अभ्यासक येतात तिथं. त्यांनी बघावं. घरात राहिलं तर ते आपलंच राहील." त्यांना एकच हवं होतं. नजर पुरती जायच्या आत ते सगळं अशा ठिकाणी पोचावं, जिथं आमच्या ओळखीचं कुणी नाही, आणि तरी कुणीतरी कागद उचलून विचारेल की हा कोण होता.

फेब्रुवारीत ॲटलास टेम्पोत चढले. वाचनालयाचे कार्यवाह स्वतः आले होते. आम्ही त्यांना सरच म्हणायचो. निवृत्त मुख्याध्यापक, पंचवटीतलेच, स्वच्छ धोतर, मोजकं बोलणं. एक जुना ॲटलास उघडून ते पान उलटायचंच विसरले. "असा प्रांताचा ॲटलास मी पुस्तकात वाचलाय फक्त," म्हणाले. अण्णांना हार घातला, नारळ दिला. आई म्हणाली, "चला, कपाट घेऊ," आणि रात्री रिकाम्या पलंगाखाली झाडू मारता मारता मधेच थांबून तशीच बसून राहिली.

एप्रिलच्या सुरुवातीला वाचनालयाचा शिपाई सायकलवरून आला. हातात फितीनं बांधलेला गठ्ठा. "सरांनी पाठवलंय. तुमचे घरचे कागद पुस्तकांत राहून गेले होते म्हणाले."

अण्णांनी फीत सोडली, वरच्या कागदावरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उतरला. सगळे ठिपक्यांचे कागद. प्रत्येक टाचणी अलगद काढलेली, एकही कागद फाटलेला नाही, सगळे आकारानुसार नीट लावलेले. इतक्या काळजीनं केलेलं नुकसान मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी एक कागद उजेडात धरला. नद्या गेल्या होत्या, किनारे गेले होते, रेल्वे गेली होती. पांढुरक्या कागदावर नुसते ठिपके नि नावं. आत्याचा चुलता कुठल्याच आखातात नव्हता.

"कोणता कागद कोणत्या पानाचा, ते लिहिलंय का हो कुठं?" आईनं विचारलं.

"नाही. टाचणी होती ना."

मला संताप आला. मी नुकती नगरपालिकेच्या शाळेत लागले होते, तोंड सुटलेलं होतं. म्हटलं, मी जाते आणि चांगलं सुनावून येते. अण्णा म्हणाले, "तू नाही. आपण तिघं." आणि चपला चाचपायला लागले.

सरांना आमचं येणं कळेचना. "अहो, चुकून राहिले असतील म्हणून मी स्वतः बसून काढले. एकसुद्धा फाटू दिला नाही." त्यांना शाबासकी हवी होती, बिचाऱ्यांना.

अण्णा म्हणाले, "सर, दिलं होतं ते हेच. पुस्तकं तर त्याच्याखाली अंथरायला दिली."

सर गोंधळले. मग नियम आले. वाचनालय खाजगी कागद घेत नाही. समितीला चालणार नाही. "उद्या जो तो आपापल्या घराण्याची वंशावळ घेऊन येईल."

"येऊ द्या की. जागा कमी पडली तर बघू."

"तसं नव्हे. घराण्यांच्या वह्या घाटावर असतातच ना. त्यांची जागा ती."

"आमच्या नाहीत," अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. पंखा तेवढा कुरकुरत होता.

मग आई पुढं झाली. "आमचं दोन्ही एकत्र राहील, नाहीतर काहीच राहणार नाही. मी उद्या टेम्पो घेऊन येते." मी आईकडे बघतच राहिले. कपाटासाठी इतकी वर्षं भांडलेली बाई! नंतर मी तिला छेडलं तर म्हणाली, "इतकी वर्षं माझ्या पलंगाखाली राहिलेत. माझ्या घरातून गेलेलं असं हाकलून परत आलेलं मला चालायचं नाही."

शेवटी सर म्हणाले, "समितीशी मी बोलेन. पण हे पुन्हा जुळवणार कोण?"

"आम्ही," अण्णा म्हणाले. "पण लवकर. मला थोडंच दिसतंय."

तो उन्हाळा आठवला की मला अजून तहान लागते. वाचनालयाची मागची खोली पश्चिमेला तोंड करून. दुपारनंतर भिंती चुलीसारख्या व्हायच्या. त्या वर्षी आईनं कुरडया केल्या नाहीत. एवढ्या एकाच गोष्टीवरून शेजारच्या बायका आम्हाला विचारून गेल्या, घरी सगळं बरं आहे ना? रोज सकाळी आम्ही पाण्याचा तांब्या, भाकरी-चटणी आणि गठ्ठा घेऊन तिथं जायचो. मी कागदावरची नावं वाचायची, अण्णांनी आठवायचं, हे कुठलं पान. त्यांना नजर साथ देत नव्हती, पण बोटं देत होती. ट्रेसरची बोटं ती. पानाच्या वरच्या कडेला टाचण्यांची दोन भोकं असायची, प्रत्येक पानावर वेगळ्या अंतरावर. अण्णा कागदाची भोकं चाचपायचे, पानाची चाचपायचे, मान हलवायचे. "हा नाही. पुढचा." मी गंजाचे डाग जुळवायची. आई पान धरून ठेवायची, आणि मधेच अण्णांच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपायची, पानावर पडू नये म्हणून. पानाची काळजी जास्त होती की अण्णांची, देव जाणे. असं म्हटलं की अण्णा म्हणायचे, "त्याला कशाला मधे घेतेस?"

काही दिवस तर वैतागाचे गेले. सकाळपासून दुपारपर्यंत एकही कागद जुळायचा नाही. अण्णा चुकायचे. कराचीचा कागद रंगूनवर ठेवून "बसला" म्हणायचे आणि मग स्वतःच काढायचे. एकदा मी म्हणाले, "अण्णा, जेवढे झाले तेवढे पुरे. बाकीचे नुसते पाकिटात ठेवू." ते म्हणाले, "पाकिटात कोण ठेवायचं ते तू ठरव. बसऱ्याचा की इगतपुरीचा?" मी गुपचूप पुढचा कागद घेतला.

सर आधी नुसते दारातून डोकावायचे. मग टेबलफॅन घेऊन आले. मग एके दिवशी खुर्ची ओढून बसले आणि पान धरायला लागले. नाशिक शहराचा कागद आला तेव्हा त्यांनी पंचवटीतला एक ठिपका पाहिला आणि विचारलं, "हा कुणाचा?"

"माझ्या आईचा," अण्णा म्हणाले. "देवळाच्या सत्याग्रहाला आली होती. सायखेड्याहून चालत. बोट अक्काचं आहे, ती बरोबर होती."

सरांनी चष्मा काढला. "मी लहान होतो तेव्हा. आमचं घर त्याच गल्लीत. घरच्यांनी दार लावून घेतलं होतं आणि मला आत कोंडलं होतं."

"हो," अण्णा म्हणाले. "आई सांगायची. सगळी दारं लावलेली होती म्हणून."

आईनं तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून सरांपुढं ठेवलं. त्यांनी ते प्यायलं, संपवलं, आणि म्हणाले, "समितीचं मी बघतो. आता हे वेगळं व्हायचं नाही." त्या दिवसापासून समिती हा शब्द आम्ही पुन्हा ऐकला नाही.

पण आईचा विश्वास कुणावर? दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून सुई नि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढलं. सर उडालेच. "बाई, दुर्मीळ पुस्तक आहे हो! सुई?"

"टाचणी गंजते. डिंकाला झुरळं लागतात. आणि टाचणी कुणीही काढतं, तुम्ही काढलीतच. शिवण उसवताना माणूस निदान एकदा विचार करतो."

सरांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा हसत होते. शेवटी तह झाला, फक्त वरच्या कडेला, टाचण्यांच्या जुन्याच भोकांतून, सैल धावदोरा. आई गोधडीला घालते तसे टाके घालत गेली आणि कागद पानांना बिलगत गेले. खालच्या कडेनं उचलता यायचे, उचलले की छापील जग दिसायचं, सोडून दिले की आम्ही पुन्हा आपापल्या जागी.

शेवटचं पान जिल्ह्याचं. तोवर मे संपत आला होता, शाळा उघडायला आली होती आणि अण्णांना आता खिडकी कुठं आहे एवढंच कळत होतं. ते आईला म्हणाले, "इंदू, तेवढं तुझं बोट राहिलं." आई म्हणाली, "रिक्षा बघ गं," आणि मी खाली गेले. परत आले तर आई दातांनी दोरा तोडत होती आणि अण्णा कागदावरून बोट फिरवत बसले होते. रिक्षा खाली थांबली होती, मी घाईघाईनं डोकावून पाहिलं. नामपूरला शाईचा ठिपका नव्हता.

रिक्षात मी हळूच विचारलं, "ठेवलंस का गं?"

"ठेवलं."

मला वाटलं, आंधळ्या नवऱ्याचं मन राखतेय. अण्णा मात्र दुसरीकडे तोंड करून खुशीत गुणगुणत होते. नंतर अण्णा गेले, काही वर्षांनी आई गेली. तिला डोळ्यांनी पाहिलेली मी होते, नियमानं मला तिचं बोट ठेवता आलं असतं. पण जिनं जिवंतपणी ठेवलं नाही तिचं आपण कसं ठेवायचं, असं म्हणून मी कधी हात लावला नाही.

परवा वाचनालयात गेले. पिशवीत सुई-दोरा घेऊनच गेले होते. फोनवाल्या मुलीचं नाव पूर्वा. तिला म्हटलं, "उसव. स्कॅन कर. मी इथं बसते आणि संध्याकाळपर्यंत शिवून देते. शिवल्याशिवाय मी उठणार नाही, तुमच्या शिपायानं कुलूप लावलं तरी." ती हसली. पोरगी हाताची हलकी होती, एकेक टाका छोट्या कात्रीनं सोडवत गेली. बसऱ्याचा तेलाचा डाग पाहून म्हणाली, "अय्या, हे काय सांडलंय?" मी तिला आत्याची गोष्ट सांगितली. आम्ही दोघी कितीतरी वेळ कामच विसरलो.

मग जिल्ह्याचं पान आलं. वरची शिवण निघाली. पूर्वानं कागद उचलायला घेतला आणि तो मधेच अडला. "मॅडम, इथं एक टाका आहे. कडेला नाही, मधेच कुठंतरी. आणि लाल दोऱ्याचा."

मी चष्मा पुसला आणि वाकले. मोसम नदीच्या वळणाशी, छापील अक्षरांच्या अगदी शेजारी, एकच टाका. कागदातून आरपार जाऊन खालचं पानही धरून ठेवलेला. वर बारीकशी गाठ. नामपूर.

मी त्यावर बोट ठेवलं. गाठ बोटाला लागली. आणि मला अण्णा दिसले, कागदावरून बोट फिरवत बसलेले, रिक्षात गुणगुणणारे. सगळ्या खानदानात तेवढा एकच ठिपका त्यांना तेव्हा वाचता येत होता. तिनं तो त्यांच्यासाठी तसा दिला होता. माझे डोळे भरून आले, आणि भरू दिले मी.

"हा पण काढू ना?" पूर्वानं विचारलं. कात्री तिच्या हातात होती.

"तो नाही."

"पण मॅडम, त्याशिवाय कागद सुटणार नाही. खालचं पान वेगळं नाही येणार स्कॅनमध्ये."

"मग दोन्ही एकत्र येऊ दे."

ती थोडी घुटमळली. "नोंदीत काय लिहू? पान खराब?"

"नाही," मी म्हटलं. "लिही, नाव इंदूबाई. गाव नामपूर. बोट स्वतःचं."